पाणी शिरतं तेव्हाचं इंग्रजी

मदत मागणारं बिनचूक इंग्रजी बोलूनही कुणाला शून्य गुण मिळतील का? मिळाले. नीलाक्षी तांडेलला मिळाले आणि तिचं डोकंच फिरलं.

मालवणजवळ समुद्राच्या तळाशी 'जलगृह' नावाचं संशोधनकेंद्र उभं राहिलं होतं. तिथे महिनाभर राहायला एक विद्यार्थी निवडायचा होता. नीलाक्षीला समुद्राचं भारी वेड. तिला जायचंच होतं. शेवटची परीक्षा बोलण्याची होती. केंद्रात पाणी शिरलंय असं समजून मदतपथकाला इंग्रजीत कळवायचं. परीक्षक होतं 'शब्दवेधी' नावाचं यंत्र.

तिच्या आधी यशोधन नावाचा विद्यार्थी बोलून गेला. घोकंपट्टीत पठ्ठ्याचा हात धरणारा कुणी नव्हता. इथे पाणी 'वन्स इन अ ब्लू मून' शिरतं, म्हणजे क्वचितच, असं सांगून त्याने पथकाला वर 'बेटर लेट दॅन नेव्हर' ऐकवलं. म्हणजे न येण्यापेक्षा उशिरा आलात तरी बरं! बुडणाऱ्याने हे सांगायचं? पण त्याला पैकीच्या पैकी मिळाले.

नीलाक्षी म्हणाली, "वॉटर इन रूम टू. डोअर शट. सेंड हेल्प."

"वाक्प्रचार एकही नाही. गुण शून्य," शब्दवेधी म्हणाला. "पुढचा विद्यार्थी."

नीलाक्षी खुर्चीतून हलली नाही. "मी नाही उठणार. आधी सांग, तू हे वाक्प्रचार शिकलास कसा?"

प्रश्न विचारला की यंत्राला उत्तर द्यावंच लागे. "वाक्प्रचार म्हणजे ठरलेल्या शब्दांचा गट. सुटे शब्द जोडून त्याचा अर्थ लागत नाही. 'पीस ऑफ केक' म्हणजे अगदी सोपं काम. तिथे केक कुणी खात नाही."

"म्हणजे आमच्या मराठीतला 'डाव्या हातचा मळ'. मग तुला अर्थ कळला कसा?"

"मी कोट्यवधी वाक्यं वाचली. दर वेळी संदर्भ (शब्दांचा शेजार) पाहिला. 'अंडर द वेदर'च्या शेजारी ताप, सर्दी, 'आज शाळेत येत नाही' असं सापडलं. म्हणजे बरं नसणं. शेजार पाहत गेलो, अर्थ उमगत गेले."

"मग आता उलटं शोध. मदतीच्या हाकांच्या शेजारी वाक्प्रचार किती?"

यंत्र घरघरलं. "जवळजवळ नाहीत. संकटात माणसं जागा, अडचण आणि मागणी एवढंच बोलतात. वाक्प्रचार येतात ते गप्पांत, चिडवाचिडवीत, मनातलं सांगताना."

"मग मला शून्य कसं?"

"नियम माझा नाही. मी फक्त गुण देतो."

नियम केंद्रप्रमुख डॉ. घाणेकर मॅडमचा होता. काचेपलीकडून सगळं ऐकून त्या आत आल्या. "अगं, इंग्रजी जरा उठून दिसायला नको?"

"माणूस बुडत असताना, मॅडम?"

"फार बोलतेस. निवड हातची जाईल, ठाऊक आहे ना? भीती नाही वाटत?"

"वाटते की! आय हॅव बटरफ्लाइज इन माय स्टमक. पोटात नुसता गोळा आलाय. पण चूक ती चूकच."

टिंग! "वाक्प्रचार योग्य जागी," शब्दवेधी म्हणाला. "अर्थ: धाकधूक. एक गुण देतो."

"खबरदार!" नीलाक्षी कडाडली. "माझी परीक्षा संपलीय. द्यायचा तर त्या तीन वाक्यांना दे."

मॅडमनी दोघांची उत्तरं पुन्हा लावली आणि डोळे मिटून ऐकली. यशोधनचं संपेपर्यंत त्यांना खोलीचा नंबरही कळला नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"शब्दवेधी, नियम बदल. निरोप पोचला का, ते आधी बघायचं. सगळ्यांचे गुण पुन्हा मोज."

नव्या गुणांत नीलाक्षी सगळ्यांच्या पुढे निघाली. मॅडम तिच्याकडे वळल्या. "सामान बेताचंच आण हं, खाली जागा कमी आहे. आणि हा शब्दवेधीही येतोय. त्याला अजून पुष्कळ शिकायचंय."

"येऊ दे," नीलाक्षी म्हणाली. "पण पाणी शिरलं तर आधी मी बोलणार."