दुधाची, काठोकाठ

आमच्या दाजींना थापा मारायची खोड आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही गोष्ट सांगताना ते एकदाही हसले नाहीत. म्हणून मी ती खरी मानतो.

रात्र वगैरे काही नव्हती. सुट्टीच्या दिवसाची भर दुपार. एका रिकाम्या ऑफिसचा चौथा मजला.

दाजी कॉफीची मशिनं दुरुस्त करतात. पूर्वी ते आणि त्यांचे थोरले भाऊ जोडीनेच जायचे. काम संपलं की दादा दोन कप काढायचे. स्वतःला कोरी, अर्धा कप. दाजींना दुधाची, काठोकाठ. कप रिकामे झाले की "चल" म्हणायचे आणि दोघं निघायचे.

मग एकदा दादा एकटेच गेले... प्लग काढायचा राहिला. शॉक बसला आणि जागच्या जागी संपले.

तेव्हापासून ताई रोज डबा देताना बजावते, "आधी प्लग काढा हं, मग बाकीचं."

त्या दुपारीही दाजींनी आधी प्लग काढला. मग मशिनचं दार उघडलं. आतले दिवे बंद होते.

बिघाड साधाच होता. बटण दाबलं की कप पडतो, डब्यातली पावडर खाली येते, टाकीतलं गरम पाणी तिच्यावर पडतं आणि एक छोटी मोटर ते सगळं फेटते. ती मोटर अडकली होती. दाजींनी ती काढून हातात घेतली. मागची एक वायरही जळकी दिसली. त्यांनी तिच्याकडे दुसरा हात नेला...

टक्.

कप पडला.

दाजींचा हात हवेतच राहिला.

मग पावडरची घरघर...

मग पाण्याची धार...

आणि मग फेटण्याचा आवाज.

फेटायची मोटर तर दाजींच्या हातात होती!

कपात कोरी कॉफी होती. अर्धा कप.

"दादा?" दाजींच्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. खाली पडलेला प्लग शेजारच्या थंड पेयांच्या मशिनचा होता. कॉफीच्या मशिनचा प्लग भिंतीत तसाच. दार उघडलं की आतले दिवे जातातच, त्यावरच ते फसले होते. त्या जळक्या वायरीत वीज खेळत होती.

दाजींनी प्लग उपटला आणि तिथेच बसून लहान मुलासारखे रडले.

तेवढ्यात...

टक्.

दुसरा कप. दुधाची. काठोकाठ.

घरी हे ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादांनी वाचवलं हो तुम्हाला."

"वाचवलंच," दाजी म्हणाले. "पण दुसरा कप कशाला? काम संपल्याशिवाय दादा कधी कप काढत नसत. माझं काम कुठं संपलं होतं? आणि कप रिकामा झाला की ते 'चल' म्हणायचे..."

तो कप त्यांनी तिथेच बेसिनमध्ये ओतून दिला होता. पण तेव्हापासून दाजी ज्या मशिनपाशी जातात, तिथे दार उघडायच्या आधीच एक कप भरलेला असतो. गरम.

ताई अजूनही डबा देताना बजावते. फक्त आता प्लगचं नाव काढत नाही.

"काही झालं तरी," ती म्हणते, "ती कॉफी पिऊ नका."