आतली कडी

"हे दार कुठं जातं ते सांग. एकदा सांग, मग मी गप्प बसतो."

"गप्प बसणं तुम्हाला जमत असतं तर आपला संसार याहून बरा झाला असता."

मिस्त्री खाली बघून हसला आणि घमेल्यातला माल थापीनं उलटापालटा करत राहिला. सिमेंट कालवून झालं होतं, दार बुजवायला विटा भिजवून ठेवल्या होत्या. माल तासा-दीड तासात आवळतो, भांडण आवळत नाही. घाई होती ती त्याला एकट्याला.

दुपार कलली होती. घराला अजून काचा नव्हत्या, रंग नव्हता. खिडक्यांच्या नुसत्या चौकटींतून ऊन आत येऊन दिवाणखान्याच्या कच्च्या फरशीवर पाहुण्यासारखं अंग चोरून बसलं होतं. नवरा बसचा ड्रायव्हर, ड्यूटीवरून तसाच खाकी शर्टात आलेला. आणि ज्या दारावरून चाललं होतं ते पश्चिमेच्या भिंतीत उभं होतं. चौकट बसवलेली, फळी लावलेली, सगळं नवंकोरं. फक्त त्याच्या पलीकडे खोली नव्हती. पलीकडे उघडं अंगण, त्यात पसरलेली खडी आणि कुंपणाची तार.

दाराची कडीसुद्धा त्या अंगणाच्या बाजूला होती.

"बाहेरून कडी," ड्रायव्हर म्हणाला. "म्हणजे कुणी रस्त्यानं जाणारा यावा, आपल्याला घरात कोंडावं आणि जावं. सुतारानं विचारलं असेल ना, कडी कुठल्या बाजूला म्हणून?"

"विचारलं होतं. मी म्हटलं, आतून."

"ते आत आहे?"

तिला तरी कुठं ठाऊक होतं, जिभेवर तो शब्द कसा आला ते.

पुरुष घर बांधतात असं कागद म्हणतो. बायका काय करतात ते कागदावर नसतं. बायका पाणी मारतात. ओल्या बांधकामाला रोज सकाळ-संध्याकाळ, दिवसच्या दिवस, पाणी मारावं लागतं. नाहीतर भिंत वरून ठणठणीत दिसते आणि आतून भुसभुशीत राहते. तिनं या घराची वीट न् वीट पाण्यानं ओळखली होती. आणि त्याच्याही आधी रेघांनी.

जागा घेतली तेव्हा बांधायची परवानगी लवकर मिळेना. तीन वर्षं गेली. दर रविवारी तिघं इथं येत. नवरा, ती आणि सासू. ती चुन्याची फक्की मुठीत घेऊन जमिनीवर घर आखायची. इथं स्वयंपाकघर, इथं मोरी, इथं दिवाणखाना. रेघा वाऱ्यापाण्यानं पुसायच्या, ती पुढच्या रविवारी पुन्हा ओढायची. मोजायला टेप लागायची नाही, पावलांना पाठ झालं होतं. आणि पश्चिमेला सासूची खोली. लहानशी, दारापुरती रेघ मोडलेली. सासू त्या चौकोनात खुर्ची टाकून बसायची. रेघ ओलांडून कुणी आलेलं तिला खपत नसे.

"भिंतीतून काय येतोस? भूत आहेस का?" ती मुलाला म्हणायची. मग तो निमूट मागं फिरायचा, दारापाशी यायचा आणि हवेत टकटक करायचा. सासू वर न बघता म्हणायची, "ये."

हसायची तिघं. भाड्याच्या घरात सासूची आयुष्यभर बोळातली पथारी. मोरीकडे जाणारा प्रत्येक जण तिला ओलांडून जायचा. झोप सशासारखी, जरा खुट्ट झालं की मोडायची. "मला काही नको," ती म्हणायची, "एक दार द्या, आणि त्याला आतून कडी."

पाया खणायच्या आधीच्या थंडीत सासू गेली. ड्रायव्हरनं नकाशा पुन्हा काढून घेतला. खोली गेली, अंगण मोठं झालं. "आता कुणासाठी?" तो म्हणाला होता. तिनं मान हलवली होती. ती मान तिला पुढं फार दिवस जड झाली.

पायाची आखणी करायच्या दिवशी तो लांबच्या फेरीवर होता. मिस्त्री कागद वाचत नसे, रेघ वाचायचा. फक्की तिच्याच मुठीत होती. घर बरोबर नव्या नकाशासारखं आखलं तिनं, सासूची खोली सोडून दिली. पण पश्चिमेची भिंत ओढताना, पाठ झालेल्या पावलांवर येताच हात आपोआप वर उचलला गेला. रेघ मोडली. जेवढ्यास तेवढं दार. मिस्त्रीनं रेघेवर भिंत चढवली, सुतारानं भगदाड मोजून फळी आणली.

इतकं सगळं तिच्या हातून झालं होतं, आणि ते तिनं नवऱ्याला सांगितलंही. बाकीचं सांगितलं नव्हतं. सकाळी ती पाणी मारायला यायची तेव्हा अंगणभर दव असायचं, खडी ओली, तारेवर थेंब. पण दारापलीकडचा एक चौकोन कोरडा असायचा. छपराखाली असावा तसा. दार उघडून ती मिस्त्रीला हाक मारायची, तर मोकळ्या अंगणातून तिचा आवाज परत यायचा, जवळच्या चार भिंतींना लागून आल्यासारखा. आणि वास. ओल्या सिमेंटच्या वासाखाली दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या बामाचा वास, अगदी थोडा. तिला भीती वाटायला हवी होती. तिला झोप यायची. उंबऱ्याशी बसलं की डोळे जडावायचे, कुणी शेजारी संथ श्वास घेतंय असं वाटायचं.

"माल आवळतोय, वहिनी," मिस्त्री म्हणाला.

"बुजव," ड्रायव्हर म्हणाला. "आधी फळी काढू." त्यानं दार ढकललं.

दार हललं नाही.

त्यानं खांदा लावला. फळी नवी होती, फुगली असेल असं मिस्त्री पुटपुटला. ड्रायव्हर पुढच्या दारानं बाहेर पडला, घराला वळसा घालायला. दोघं आतून ऐकत राहिली. त्याचे बूट खडीवर वाजत होते. कर्र... कर्र... कोपरा वळला. कर्र... कर्र... आणि मग खडीचा आवाज थांबला. बूट थांबले नव्हते. टक्... टक्... टक्... गुळगुळीत फरशीवर वाजतात तसे.

मिस्त्रीनं थापी खाली ठेवली.

खट्. कडी निघाली. दार उघडलं. ड्रायव्हर अंगणात उभा होता, पायाखाली खडीच होती, पाठीमागं तार आणि कलतं ऊन. पण तो मागं वळून बघत होता, कुणी दटावलेला माणूस बघतो तसा.

"लागली होती?" तिनं विचारलं.

"पडली असेल... वाऱ्यानं."

वारा नव्हता. फाटकाला कुलूप होतं, किल्ली मिस्त्रीच्या कमरेला. ड्रायव्हर आत आला, दार त्यानं पाठीमागं लोटलं आणि कोपऱ्यातली पहार उचलली. त्याचा आवाज चढला होता, भ्यालेल्या पुरुषाचा चढतो तसा. "आता तर काढणारच. माझं पहिलं घर आहे. आख्खं आयुष्य दुसऱ्यांच्या भिंतींत काढलं. माझ्या घरात मला न विचारता दारं लागणार नाहीत."

"मग कुणाला विचारून लागायची?"

"मला विचारून. माझं घर आहे."

"आणि त्यांचं?"

"आई नाहीये," तो म्हणाला. "तुला कळत नाही का? आई नाहीये."

तिघंही दिवाणखान्यात होती. तिघांच्याही समोर दार होतं. आणि पलीकडून, सावकाश, म्हाताऱ्या बोटांना लागतो तेवढा वेळ घेत, कडी सरकली.

खट्.

पहार वरच राहिली.

मिस्त्रीनं तो माल त्या संध्याकाळी कुंपणाच्या खांबांना वापरून टाकला. भिजवलेल्या विटा पुढं मोरीच्या कट्ट्याला लागल्या. प्लास्टर झालं, रंग झाला, दार आहे तिथं आहे आणि त्या भिंतीला अजूनही कुणी खिळा ठोकत नाही. ड्रायव्हर उशिरानं येतो तेव्हा पायरीवरच बूट काढून हातात घेतो. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी त्यानं पहार अलगद, आवाज न करता जमिनीवर टेकवली, वाकून बूट काढले आणि काखेत धरून उभा राहिला. कारण बोळातल्या पथारीपाशी वीस वर्षं बायको त्याला रोज जे सांगत आली होती, तेच तिनं ओठांवर बोट ठेवून पुन्हा सांगितलं होतं:

"हळू... आईंचा आत्ताच डोळा लागलाय."