शिंपल्यावरची टिकटिक

"मी पुढे बसणार!" थिन्ह ओरडला.

"गोल होडीला पुढे-मागे नसतं, अकलेच्या खंदका!" क्वेन हसली. "वेताची टोपली आहे ती. तू जिथे बसशील तिथे मागेच असशील!"

"मग मी मधे," बोंग म्हणाली. तिचं शाळेतलं नाव भलं मोठं होतं, पण घरात सगळे तिला बोंगच म्हणत. बोंग म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा. आठ वर्षांच्या बोंगला ते नाव अगदी शोभत होतं.

उन्हाळ्याच्या सुटीत ही तिघं भावंडं न्यान आत्याकडे आली होती. टोपलीच्या होडीतून सागरी गवताच्या उथळ पट्ट्यापर्यंत नेण्याचं तिनं कबूल केलं होतं. आजचा दिवस ठरला होता. तिघं किनाऱ्यावर तयार उभी होती आणि आत्याचा पत्ता नव्हता!

"आधी घोड्यांची न्याहारी!" शेडमधून आवाज आला.

आत्या समुद्रघोडे वाढवायची. घरामागच्या शेडमध्ये टाक्यांच्या चार रांगा होत्या. केसाएवढ्या पिल्लांपासून वीतभर घोड्यांपर्यंत सगळे तिथेच जन्मलेले. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणारी मंडळी तिच्याकडून जोड्या न्यायची.

आत्यानं टाकीच्या तळाशी एक मोठा शिंपला ठेवला, त्यात फ्रीझरमधली, बर्फ वितळलेली बारीक कोळंबी टाकली आणि जेवायच्या लांब काडीनं शिंपल्याच्या काठावर वाजवलं. टिक-टिक! टिक-टिक!

प्लॅस्टिकच्या साखळ्यांना शेपट्या गुंडाळून बसलेले सगळे घोडे सुटले आणि माना डोलावत शिंपल्याकडे निघाले.

"बघा हो बघा!" बोंग कमरेवर हात ठेवून म्हणाली. "काल मी भाताच्या वाटीवर काडी वाजवली तर मला केवढी ओरडलीस! वाटी वाजवली की भुकेली भुतं जेवायला येतात म्हणे! मग घोड्यांचा शिंपला वाजवलेला चालतो होय?"

"घोड्यांच्या जेवणात भुतांना रस नसतो," आत्या गंभीरपणे म्हणाली. "आणि यांचं काय आहे, यांना पोटच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात. म्हणून सारखी भूक. अगदी थिन्हसारखे!"

"आत्या!" थिन्ह लाजला.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. पांढऱ्या, कडक इस्त्रीच्या शर्टातले एक आजोबा थर्माकोलचा डबा दोन्ही हातांत धरून उतरले.

"लुआन सर!" आत्या पुढे झाली. "या ना, चहा..."

"चहा नको, न्यानबाई." सरांनी डबा उघडला. आत ओल्या कापडावर एक समुद्रघोडा निजल्यासारखा पडला होता. पण तो निजलेला नव्हता. "हा तिसरा. दहा दिवसांत तिघं गेले. पिशवीवर लेबल तुमचं!"

त्यांनी खिशातून हिरवं लेबल काढलं. त्यावर शिंपल्याचं चित्र, आणि खाली आत्याच्या अक्षरात छापलेलं: 'फ्रीझरमधली बारीक कोळंबी, दिवसातून तीनदा.'

"मी पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, सूचना नीट वाचा." सरांनी लेबल आत्याच्या हातात दिलं. "मी वाचल्या. पाणी तपासलं. दिवसातून तीनदा दिली. एकानं तोंड लावलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मेले हो!"

आत्याचा चेहरा उतरला. "सर, गिऱ्हाइकाच्या समोर खाल्ल्याशिवाय माझा घोडा या दाराबाहेर जात नाही. तुम्ही कुठून घेतलेत?"

"बाजारातल्या होआनकडून. माझे गुडघे दुखतात, इथवर येणं होत नाही. लेबल पाहिलं, विश्वास ठेवला." सरांनी डबा बंद केला. "रविवारी आमच्या मत्स्यालय मंडळाची बैठक आहे. अध्यक्ष म्हणून मला सांगावं लागेल. तुमच्याकडून यापुढे कुणी घोडे घेऊ नयेत, असंच ठरेल बहुतेक."

स्कूटर गेली. आत्या पायरीवर बसली. तिची सगळी गिऱ्हाइकं त्या मंडळातलीच होती.

"आत्या, मग काय होईल?" बोंगनं हळूच विचारलं.

"शेड बंद होईल. मी पुन्हा मासे डबाबंद करायच्या कारखान्यात जाईन. दूर, पूर्वीसारखी." आत्यानं बोंगचे वाऱ्यानं उडालेले केस कानामागे सारले. "होडी राहिली बरं का आज."

होडीचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. क्वेन आत्याच्या हातातल्या लेबलाकडे बघत होती.

"आत्या, होआन काकांना तू घोडे दिलेस कधी?"

"दोनच. चार महिन्यांपूर्वी. आणि..." आत्या थबकली. "लेबलांचा एक गठ्ठा. 'भिजतात हो ताई, जास्तीची द्या,' म्हणाला. मी दिली!"

"गठ्ठा!" तिघं एकदम ओरडली.

"अरे, शेजारचा माणूस! त्यात काय वाटायचंय? आणि ऐका, पुराव्याशिवाय कुणाचं नाव घ्यायचं नाही."

"मेलेल्या घोड्याच्या अंगावर शेवाळ होतं," क्वेन म्हणाली. "मानेवर बारीक हिरवे केस. आपल्या एका तरी घोड्यावर आहे का शेवाळ?"

थिन्हनं टाकीत डोकावून पाहिलं. सगळे कसे घासूनपुसून ठेवलेल्या बरणीसारखे लखलखीत!

"सायकली काढा!" तो म्हणाला.

होआन काकांचं दुकान बाजाराच्या मासळीकडच्या टोकाला होतं. मोठ्या टाकीत घोडे होते. क्वेननं मोजले. तेवीस!

"दोनाचे तेवीस कसे झाले, काका?" थिन्हनं विचारलं.

"पिल्लं झाली!" होआन काका हसले. गोल चेहरा, गोल पोट, हसणंही गोल. "न्यानताईंची भाचरं ना तुम्ही? या, या!"

"चार महिन्यांत एवढी मोठी पिल्लं?"

"माझ्याकडची हवाच तशी!"

"फ्रीझरमधलं खातात का?" क्वेननं सरळ विचारलं.

"खातात का? अगं, बघच!" काकांनी जाळीनं एक घोडा उचलून काचेच्या भांड्यात सोडला आणि वितळलेल्या कोळंबीची चिमूट टाकली. टप्प! टप्प! घोड्यानं तोंडाच्या नळीनं एकेक ओढून घेतली. "आता खात्री पटली? आत्याला म्हणावं, होआनचा माल एक नंबर!"

आजूबाजूच्या भाजीवाल्या मावश्या हसल्या. क्वेनचे कान लाल झाले. तिघं समोरच्या उसाच्या रसाच्या गाडीमागे जाऊन बसली.

"संपलं," थिन्ह म्हणाला. "खाल्लं त्यानं. आता काय डोंबल सांगणार सरांना?"

"रस घेणार आहात की नुसती सावली?" गाडीवाल्या मावशींनी विचारलं. थिन्हनं एक ग्लास घेतला, त्यात तीन नळ्या घातल्या.

तेवढ्यात दुकानाशी एक नवं जोडपं आलं. होआन काकांनी जाळी घातली, घोडा भांड्यात, कोळंबीची चिमूट, टप्प, टप्प! जोडपं खूश. काकांनी पिशवीत घोडा भरून हिरवं लेबल चिकटवलं.

बोंगनं नळी तोंडातून काढली. "तो नाही दिला."

"कोण तो?"

"वाकड्या मुकुटाचा! डोक्यावरचा तुरा वाकडा आहे ना, तो! खाऊन दाखवणारा! मघाशीही तोच होता. आता त्याला परत टाकीत सोडलं आणि पिशवीत भलताच भरला."

"तुला इथून मुकुट दिसला?"

"तुम्ही दोघं काकांकडे बघत होतात," बोंग म्हणाली. "मी घोड्याकडे बघत होते."

घरी येऊन सांगितल्यावर आत्या ताडकन उभी राहिली. "वाकडा मुकुट? माझाच तो! लहानपणी पंपाच्या जाळीत अडकला होता. हातानं सोडवला होता मी!"

"म्हणजे उरलेल्या बाविसांत दोन तुझे," क्वेन म्हणाली, "आणि बाकीचे जाळ्यात सापडलेले. समुद्रातले, म्हणून अंगावर शेवाळ. त्यांनी जन्मात मेलेली कोळंबी पाहिलेली नाही. त्यांना ते अन्न वाटतच नाही!"

"पण हे सरांना कसं दाखवायचं?" थिन्ह डोकं खाजवत म्हणाला. "काका पुन्हा वाकड्यालाच काढतील."

"मग कुणालाच काढायचं नाही," क्वेन हळूच म्हणाली. "जे आपले आहेत, ते आपल्या पायांनी येतील."

"त्यांना पाय कुठे असतात?" बोंग म्हणाली, आणि मग तिचे डोळे एकदम मोठे झाले. "शिंपला!"

शनिवारी सकाळी आत्याच्या निरोपावरून लुआन सर दुखऱ्या गुडघ्यांनिशी बाजारात हजर झाले. आत्या त्यांच्या शेजारी उभी होती. क्वेनजवळ शिंपला होता, आणि थिन्हच्या पिशवीत झाकण बंद केलेली एक मोठी बाटली.

"अरे वा, सर! हे बघा, खाऊन दाखवतो..." होआन काकांचा हात जाळीकडे गेला.

"जाळी राहू दे, होआन," सर म्हणाले. "मुलांना काहीतरी करायचंय. करू दे."

वर्गात पस्तीस वर्षं वापरलेला आवाज होता तो. जाळी जागच्या जागी राहिली.

क्वेननं शिंपला मोठ्या टाकीत सोडला. त्यात कोळंबी टाकली. बोंग स्टुलावर चढली, काडी पाण्यात घातली.

टिक-टिक! टिक-टिक!

"अगं ए पोरी!" भाजीवाली मावशी किंचाळली. "भर बाजारात काड्या वाजवतेस? भुतांना आवतण देतेस का!"

"दुकानावर अवदसा आणशील!" दुसरी ओरडली. लोक जमले. पण बोंग थांबली नाही.

टिक-टिक! टिक-टिक!

कोपऱ्यातल्या दगडामागून एक घोडा बाहेर आला. मुकुट वाकडा! डोलत, डोलत थेट शिंपल्यावर. त्याच्यामागून एक पिवळसर मादी आली. दोघं खाऊ लागली.

बाकीचे वीस जागचे हललेसुद्धा नाहीत.

"भुतं नाही आली, मावशी," बोंग म्हणाली. "आत्याचे घोडे आले!"

"त्याचं काय आहे," होआन काका घाम पुसत हसले, "बाकीच्यांची पोटं भरलेली आहेत."

"समुद्रघोड्याला पोटच नसतं!" बोंग ओरडली. लोक हसायला लागले.

"म्हणजे... झोप येतेय त्यांना. नंतर खातील."

"ठीक." सरांनी एक प्लॅस्टिकचं स्टूल ओढलं आणि टाकीसमोर बसले. "मी थांबतो. निवृत्त माणूस आहे. मला वेळच वेळ."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. कोळंबीचे तुकडे त्या वीस घोड्यांच्या नाकांसमोरून तरंगत तळाशी गेले. एकानंही तोंड उघडलं नाही. सरांची नजर हलत नव्हती. घरच्या टाकीसमोर ते असेच बसले असतील, हे क्वेनला एकदम जाणवलं.

"थिन्ह, आता!"

थिन्हनं बाटलीचं झाकण काढलं. पहाटे खाडीत तिघांनी जाळीनं पकडलेली जिवंत कोळंबी, तांदळाच्या दाण्याएवढी, उड्या मारणारी! त्यानं ती टाकीत ओतली.

आणि वीसच्या वीस घोडे सुटले! टप्प, टप्प, टप्प! सगळी टाकी फुटाण्यासारखी वाजू लागली.

"झोपेत खातात वाटतं, काका!" थिन्ह म्हणाला.

होआन काकांचा गोल चेहरा लांबट झाला. "ट्रॉलरवाले देतात हो... घोडा तो घोडा, मला वाटलं. काय फरक पडतो?"

"फरक?" सर सावकाश उठले. "माझ्या घरच्या टाकीत शेपटी गुंडाळायच्या तीन फांद्या रिकाम्या आहेत, होआन. तो फरक." मग ते आत्याकडे वळले आणि सगळ्या बाजारासमोर त्यांनी मान लववली. "न्यानबाई, मी लेबल वाचलं, पण माणसाला विचारलं नाही. चूक माझी."

"माझीही," आत्या म्हणाली. "गठ्ठाच्या गठ्ठा उचलून दिला मी."

टाकीवर चिकटवलेली हिरवी लेबलं होआन काकांनी स्वतःच्या नखांनी खरवडून काढली, आणि शेवटचं लेबल निघेपर्यंत सर स्टुलावर बसून राहिले. दुपारी सरांनी बोलावलेल्या मत्स्यखात्याच्या बाई आल्या, समुद्रातले घोडे विकल्याबद्दल त्यांनी काकांचा जबाब लिहून घेतला आणि वीस घोडे सांभाळायला आत्याकडे सोपवले.

रविवारी मंडळाच्या बैठकीत ठरलं: समोर खाताना बघितल्याशिवाय कुणी समुद्रघोडा घ्यायचा नाही, आणि घ्यायचा तो न्यानबाईंच्या शेडमधूनच! पहिली जोडी सरांनी निवडली. बोंगनं शिंपला वाजवला, दोघं आली, खाल्लं. सरांनी ते तीन वेळा करून घेतलं.

चार दिवस जिवंत कोळंबी खाऊन वीस घोडे तरतरीत झाले, मत्स्यखात्याच्या बाईंनी परवानगी दिली, आणि राहिलेली होडी एकदाची निघाली! आत्या वल्हवत होती, तिघांच्या मांडीवर झाकलेल्या बादल्या.

"मी पुढे आहे!" थिन्ह म्हणाला. तेवढ्यात टोपली गर्रकन फिरली. "होतो."

गवताचा पट्टा आला. पाणी काचेसारखं होतं. क्वेननं बादली हळूच तिरकी केली. एकेक घोडा बाहेर पडला, गवताच्या पात्यांना शेपटी गुंडाळून दिसेनासा झाला. शेवटचा नर होता, अंगावरची पुढची पिशवी टम्म फुगलेली.

"याला पिल्लं होणार!" बोंग कुजबुजली. "बाबालाच!"

"आज-उद्या. समुद्रघोड्यांत बाबाच पिल्लं वाढवतो," आत्या म्हणाली. "होआनच्या टाकीत झाली असती तर पाण्याच्या नळीतून गेली असती सगळी. तुम्ही वाचवलीत."

संध्याकाळी आत्यानं मुलांच्या आवडीची माशांची आंबट कढी केली. लुआन सरही आले होते, त्यांनी येताना फणस आणला होता. भात वाढला, पण तिघं अजून किनाऱ्यावरच! आरडाओरडा, वाळू, हसणं. हाका मारून मारून आत्याचा घसा बसला.

"येत नाहीत हो, सर!"

सर गालातल्या गालात हसले. आत्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग जेवायची काडी उचलली आणि चक्क भाताच्या वाटीवर वाजवली.

टिक-टिक! टिक-टिक!

किनाऱ्यावरचा आवाज एकदम थांबला. आणि दुसऱ्याच क्षणी तीन ओलीचिंब, वाळूनं माखलेली डोकी दारातून आत घुसली.

"आत्या! तू वाटी वाजवलीस!" बोंग ओरडली. "भुकेली भुतं येतील ना!"

"आली की," आत्या म्हणाली, आणि तिघांच्या वाट्या काठोकाठ भरल्या.