दादाचे श्वास

कुणाची शपथ घेऊ ते सांगा, पण यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत घडलंय हे.

मंगळवार होता. दुपारचे तीन वाजले होते. आमच्या डबिंग स्टुडिओला खिडकीच नाही, त्यामुळे आत दिवस काय आणि रात्र काय, सारखंच.

काम होतं एका व्हॅम्पायरच्या कार्टूनचं. फक्त मोठ्यांसाठी. दात किडलेला व्हॅम्पायर, त्याच्या तीन बायका आणि एकेक असले चावट विनोद, की दादा म्हणायचा, "तुझ्या वहिनीने ऐकलं ना, तर मला दाराबाहेर झोपवेल!"

व्हॅम्पायरचा आवाज दादाचा. रेकॉर्डिंग आणि नंतरची साफसफाई माझी.

शेवटचा सीन झाला. दादा दमून काचेपलीकडे, बूथमधल्या गालिच्यावरच आडवा झाला.

तेवढ्यात दिग्दर्शिका मॅडम म्हणाल्या, "अरे, हा मेलेला आहे ना? मग श्वास कसला घेतोय? काढून टाक सगळे." आणि त्या निघून गेल्या.

एरवी मी वाक्यांमधले श्वास नुसते बारीक करतो. त्या दिवशी एकूण एक कापले. वर घाईघाईत मूळ फाइलवरच सेव्ह करून सगळं बंद केलं. नवशिकाही करणार नाही असला गाढवपणा.

मग हेडफोन काढला...

बूथचा माइक चालू होता, आतलं सगळं माझ्या टेबलावरच्या स्पीकरवर येत होतं. दादा पडल्या पडल्या घोरतो. आज मात्र काहीच ऐकू येत नव्हतं.

आत गेलो. दादा टक्क जागा होता.

"झोप येईना रे," तो म्हणाला. "छाती कशी हलकी हलकी वाटतेय."

मी त्याच्या छातीकडे पाहिलं...

ती हलत नव्हती.

नाकाखाली बोट धरलं. काही नाही.

"काय झालं? असा पांढरा का पडलास?" तोच मला विचारत होता. त्याचे ओठ निळे पडत चालले होते.

पळत येऊन फाइल उघडली. वेड्यासारखा शोधत राहिलो. शेवटी एक श्वास सापडला. व्हॅम्पायरच्या हसण्याखाली दडलेला, माझ्या नजरेतून सुटलेला.

तो वाजवला...

काचेपलीकडे दादाची छाती वर आली. खाली गेली.

एकदाच.

पुन्हा वाजवला. पुन्हा एकदाच.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. प्रत्येकाने आपल्याच मशीनला दोष दिला. कार्टून लागलं, लोक पोट धरून हसले. मला ते अजून बघवत नाही.

ती मूळ फाइलच मोबाइलवर हलवलीय; तो एक श्वास आता दादाच्या उशाशी अखंड वाजत असतो. त्याची कॉपी केली, तर कॉपी मुकी निघते. मी काय करू? माझ्याच हातांनी कापले, आणि त्याच हातांना आता काही करता येत नाही. वहिनीला सांगितलंय, झोप लागायला बरं असतं.

काल ती म्हणाली, "भावजी, आवाज जरा वाढवा ना. हल्ली फार बारीक येतो."

मी आवाज पहिल्या दिवसापासून पूर्ण वाढवून ठेवलाय.