एकोणीस झाडे जिवंत

विद्यापीठाच्या बागेचं तिकीट काढताना मला हसूच आलं. चिखलीच्या पुढे, वर्कशॉपच्या पत्र्यांमागे वीस एकर जागा. फाटकावर पाटी, 'संवर्धन आणि विरंगुळा'. आत दुर्मिळ रोपांचं जाळीघर आणि त्याला खेटून घसरगुंडी. कसलं डोंबलाचं संवर्धन! आठवडाभर शिफ्टा करून पिचलेली माणसं रविवारी पोरं घेऊन येतात, भेळ खातात, बाकावर पेंगतात, झालं.

मी काही हौसेनं आलो नव्हतो. चाकणला आमच्या कंपनीचं नवं शेड उभं राहिलं. तिथली एकोणीस झाडं मुळासकट उचलून या बागेत लावली, असं आम्ही कागदावर दाखवलं होतं. खरं तर ती तोडून वखारीत धाडली. मीच समोर उभा राहून तोडून घेतली. उद्या समितीची पाहणी. आज बागेच्या रजिस्टरात झाडं जिवंत असल्याची नोंद झाली नाही, तर शेडला टाळं आणि माझी नोकरी गेली. "दिग्विजय, काय वाट्टेल ते कर," असं माझे मॅनेजर साहेबराव सकाळीच फोनवर गरजले होते. बागेतलीच कुठलीही एकोणीस झाडं आपली म्हणून दाखवायची आणि रजिस्टर सांभाळणाऱ्या माळीणबाईंना गुंडाळायचं, एवढाच माझा बेत होता.

"मागं जावा, अंबुबाईस्नी इचारा," फाटकावरचा म्हणाला.

मागच्या अंगाला दाट सावली होती. प्रत्येक झाडाला एकेक माणूस तळवे टेकवून उभा. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी! हिंजवडीतली एसीत आंबलेली मंडळी हल्ली तिकीट काढून झाडांना मिठ्या मारतात, हे ऐकून होतो. त्यातलेच असणार. साठीची एक बाई चिंचेला पाठ लावून उभी होती, बगलेत रजिस्टर.

"चाकणची झाडं कुठली दाखवायची ते ठरवू," मी दरडावलं.

"ठरवायचं काय त्यात? हीच की."

मी हसणार, तेवढ्यात चिंचेवरचा पिवळा आकडा दिसला. एकोणीस. तोडण्याआधी मीच रंगवलेला, नवाचं शेपूट लांबलेला. बुंध्यात कुऱ्हाडीचं तुटलेलं पातं रुतलेलं, तोडताना राहिलं होतं तसंच. मी रांग मोजत गेलो. कडुलिंब, वाकडा करंज, दोन्ही बाभळी. एकही कमी नाही.

अंगावर काटा आला, नाही म्हणत नाही. पण त्याच्याही आधी आनंद झाला. सुटलो! फोटो काढून साहेबरावांना पाठवला. "शाब्बास" आलं.

"करा सही," अंबुबाईनं रजिस्टर पुढे केलं. मी 'एकोणीस झाडे जिवंत' लिहून सही ठोकली.

पेन खाली पडलं. उचलायला वाकलो, तर चिंचेच्या बुंध्यावर घोट्याएवढ्या उंचीला करवतीची रेघ दिसली. आरपार. रेघेतून ओला भुसा गळत होता. झाड खुंटावर नुसतं ठेवलेलं होतं.

शेजारचा कडुलिंब पाहिला. तोही तसाच. वाऱ्यानं तो डोलला, त्याच्याबरोबर त्याला टेकलेला माणूसही डोलला.

तो रोहिदास होता. आमचा करवतवाला. न सांगता काम सोडून गेला म्हणून मी त्याच्या नावानं चारचौघांत आईवरून शिव्या घातल्या होत्या. पलीकडे क्रेनवाला एहसान. त्याच्यापुढे अर्जुनराव, आमचे कागद रंगवणारे.

"ही तुमची," अंबुबाई चिंचेकडे मान करून म्हणाली. "हात लावा. मला रोपांच्या पान्याचं बगायचंय."

"बाई, मला येडा समजता काय?" मी म्हणालो आणि तिला खोटं पाडायलाच तळवा टेकवला.

अंबुबाई बाजूला झाली.

वजन हातात आलं. पोतं खांद्यावर देताना देणारा हळूच हात काढून घेतो, तसं.

मी तळवा सैल केला. बुंधा करकरला. वरचा सगळा डोलारा माझ्या अंगावर झुकला.

मी दोन्ही हातांनी रेटून धरलं.

घसरगुंडीकडून पोरांचा कल्ला ऐकू येत होता. अंबुबाई कंबर चोळत निघून गेली. खिशात फोन वाजायला लागला. वाजून वाजून बंद पडला.

उजव्या हाताला रग लागली.

"रोहिदास," मी दबक्या आवाजात म्हणालो, "किती वेळ रे असं?"

त्यानं मान वळवली नाही.

"हात झाडायचा आसंल तर एका येळी एकच काढा, साहेब," तो म्हणाला. "झोपंतबी."