एनॉक प्रीसची राखण

दगडावरचं शेवाळ खरवडायला हेस्टर प्रीसने घरून लाकडी कालथा आणला होता. जन्मभर जमीनमोजणीची नोकरी केलेली बाई. दगडाला ओरखडाही न पाडता तिने अक्षरं मोकळी केली. एनॉक प्रीस. खापरपणजोबा अखेर सापडले, तेही इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या डोंगरात, कधीच्या बंद पडलेल्या चर्चच्या दफनभूमीत. तिला हायसं वाटलं. खांद्यावरच्या पिशवीत वडिलांची, वॉल्टरची रक्षा होती. "मला एकटं ठेवू नकोस, आपल्या माणसांत ठेव," एवढंच त्यांचं शेवटचं मागणं. ट्रॅक्टरखाली सापडून डावा पाय अधू झालेला हा माणूस तो पाय ओढत आयुष्यभर मेंढ्यांमागे हिंडला, पण घरात एकटं बसायची वेळ आली की कावराबावरा व्हायचा.

एनॉकच्या दगडापासून फाटकापर्यंत गवतात एक वाट पडली होती. अरुंद, टणक, रोजच्या वापरातली.

"मेंढ्या शिरतात वाटतं आत," हेस्टर म्हणाली.

चर्चची किल्ली सांभाळणारी म्हातारी मेव्हिस ग्विल्ट दगडी कुंपणावर बसली होती. "इथे मेंढी पाऊल टाकत नाही, पोरी. तो एनॉक आहे. राखणीवर."

"कसली राखण?"

"जो शेवटचा पुरला जातो त्याने इथली राखण करायची. पुढचा आला की याची सुटका. पूर्वी एका दिवशी दोन प्रेतं आली की फाटकात नातेवाइकांची हाणामारी व्हायची, आधी कोण आत शिरतो म्हणून. एनॉकच्या वेळी चर्च बंद पडायला आलं. त्याच्यामागून जाऊन कायमचं अडकायचं कुणी? सगळे आपली प्रेतं पलीकडच्या गावात न्यायला लागले. माझा नवराही तिथेच आहे."

"आणि एनॉकला दिलं सोडून."

"त्याच्या बाजूने भांडायला इथे कोण उरलं होतं? ऐक माझं, बापाला परत घेऊन जा."

हेस्टरला हसूही आलं आणि रागही. इतकी वणवण करून पूर्वज शोधायचे आणि एका भाकडकथेपायी बापाला पुन्हा कपाटात ठेवायचं? तिने एनॉकच्या शेजारी हिरवळीचा चौकोन कापला, रक्षा मातीत सोडली, माती सारखी केली. मेव्हिसने रुमाल घट्ट बांधला.

रात्री पाऊस झाला. सकाळी हेस्टर फुलं घेऊन आली.

एनॉकची वाट नाहीशी झाली होती. तिथे कोवळं गवत उगवलं होतं, बोटभर उंच.

वडिलांच्या चौकोनापासून नवी वाट निघाली होती. उजव्या पावलाचे ठसे पुरे. डावीकडे नुसती ओढल्याची रेघ. फाटकापर्यंत, आणि परत. पुन्हा फाटकापर्यंत.

हेस्टर गुडघ्यांवर बसून चौकोनातली माती उकरू लागली.

"काढून नेते मी त्यांना."

"मातीतून राख कशी वेचशील?" मागून आलेली मेव्हिस हळूच म्हणाली.

"मग किती दिवस?"

"पुढचं कोणी येईपर्यंत. घरी कोण आहे तुझ्या?"

"कोणी नाही. मीच."

"तू आलीस तर तू शेवटची होशील, पोरी."

"होऊ दे. शेजारची जागा माझ्यासाठी ठेवा. बाबांना एकटं राहवत नाही."

ती उठून निघाली. शेजारच्या गवतातून पाय ओढल्याचा आवाज तिच्या चालीने फाटकापर्यंत आला, आणि तिथे थांबला.