डोंगरासमोरचा जिना

नाशिकच्या त्या हॉटेलच्या माथ्यावरचं उपाहारगृह तासाला एक फेरी घेई. टेबलं आणि खिडक्या मधल्या स्थिर भिंतीभोवती फिरत. जिन्याचं दार त्या भिंतीत होतं. धुळीमुळे शहर दिसेनासं झालं, तेव्हा खिडक्यांना दृश्यकाचा, म्हणजे पडद्यासारखं चित्र दाखवणाऱ्या काचा, बसल्या. बाहेरचं धुऊन काढलेलं चित्र त्यांवर फेरीच्या गतीनं सरकत राही.

शुक्रवारी कानाची डॉक्टर वृंदा तिथे जेवायला गेली. तिचे वडील रमाकांत अहिरराव तिथल्या वाढप्यांचे कॅप्टन. सूप ठेवताना त्यांनी तिच्या लहानपणापासूनचा प्रश्न विचारला.

"डॉक्टरबाई, जिना कुठे?"

"पांडवलेणीच्या डोंगरासमोर, अप्पा."

"पास. आता निवायच्या आत प्या."

टेबलं सरकत असल्यानं दार कधी पुढे, कधी मागे असे. तिथले सगळे वाढपी डोंगर बघूनच ते शोधत.

शनिवारी आग लागली. धूर दाटण्याआधी पाहुणे उतरले. एक आजी मागे राहिल्या म्हणून अप्पा परत गेले. धुरात फक्त दृश्यकाचा उजळत होत्या. दोघांचे मृतदेह सापडले ते भिंतीच्या दार नसलेल्या बाजूला.

चौकशी समितीची शेवटची बैठक त्याच जळक्या मजल्यावर भरली. 'कॅप्टन गोंधळून वाट चुकले,' असा निष्कर्ष तयार होता. हॉटेलचे अभियंता केळुसकर शांतपणे सांगत होते, की एक फेरी पुरी झाली की माणूस तृप्त होऊन उठतो. म्हणून आगीच्याच दिवशी, शनिवारी सकाळपासून, फरशीची गती तीच ठेवून चित्राची दुप्पट केली. दुपारपासूनच टेबलं लवकर रिकामी होऊ लागली.

"कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं?" वृंदानं विचारलं.

"सांगितलं असतं तर गिऱ्हाइकांना कळलं असतं."

"फरक कोणाच्याच लक्षात आला नाही?"

केळुसकर हसले. "तुमचाच विषय आहे, डॉक्टर. इतकी संथ फेरी अंतर्कर्णाला जाणवत नाही. मेंदू डोळ्यांचंच ऐकतो. तिथे बसलेल्या कोणालाही ते कळणं शक्य नव्हतं."

"कोणालाही?"

"कोणालाही. हे मी लिहून देतो."

वृंदानं आगीच्या वेळचं चित्र लावायला सांगितलं. फरशी तेव्हापासून तिथेच थांबलेली होती. काचा उजळल्या. डोंगर आला. ती त्याच्याकडे पाठ करून सरळ चालत गेली आणि भिंतीपाशी थांबली. काजळीत दोन पंजे उमटले होते. एक पंजा पुन्हापुन्हा घासलेला, दाराची कडी असते त्या उंचीवर. खरं दार पार पलीकडच्या बाजूला होतं.

समितीच्या अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

"अप्पा वाट चुकले नाहीत, केळुसकर. तुम्ही डोंगर हलवलात."

प्रत्येक जबाबात तिनं 'अपघात' असंच म्हटलं होतं. आज ती वळली आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"माझ्या वडिलांना तुम्ही मारलंत."